सुरुंगवाल्याला चोर कोणी केले?



नोएडाचे ते दोन मनोरे पडताना तुम्ही टीव्हीवर पाहिले असतील. २८ ऑगस्ट २०२२ चा दिवस. कुतुबमिनारपेक्षा उंच इमारती, खांबांत मारलेली नऊ हजारांवर भोके, ३,७०० किलो स्फोटके, आणि दहा-बारा सेकंदांत सगळ्याचा ढीग. बटण दाबणाऱ्या ब्लास्टरच्या मुलाखती झाल्या, फोटो छापून आले. झाले ते योग्यच झाले. चारी बाजूंनी लोकवस्ती असताना एवढे धूड जागच्या जागी बसवणे हे कुणा सोम्यागोम्याचे काम नाही.

त्यानंतर महिनाभराने, २ ऑक्टोबरच्या मध्यरात्री, पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल सुरुंग लावून उडवला. सहाशे किलोच्या आसपास माल होता. पूल मोडला, पण पुरता पडला नाही. उरलेला भाग यंत्रे लावून खाली घ्यावा लागला. लोकांनी फार टिंगल केली. काँक्रीट फुटले, आतले लोखंड धरून राहिले. लोखंडाचा अंदाज चुकला, एवढीच गोष्ट. ज्याने आयुष्यात एकदा तरी विहीर खोदली आहे तो अशी टिंगल करणार नाही. काठावर उभे राहून सगळ्यांनाच वाटते की आता दोन फुटांवर पाणी आहे.

मी ज्या ब्लास्टरबद्दल लिहितो आहे त्याचा फोटो कुठल्याच पेपरात आला नाही. तुमच्या-माझ्या प्रत्येक ओलिताच्या विहिरीच्या तळाशी तो उतरलेला आहे. आपण त्याला सुरुंगवाला म्हणतो. सरकारच्या कागदात त्याला नाव नाही. जेव्हा नाव येते तेव्हा ते आरोपीच्या रकान्यात येते.

कोरडवाहू कास्तकाराला सुरुंगाची ओळख करून द्यायला नको. आपला मुलूख लाव्हाच्या थरांचा. वर काळी माती, खाली मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मुरूम कुदळीने निघतो, मांजऱ्या पहारेने निघतो, पाषाणाला घण-छिन्नी लावली तर दिवसभरात वीतभरसुद्धा सरकत नाही. म्हणून सुरुंग. आधी वडार समाजाची माणसे हाताने भोके मारत. एकाने पहार धरून फिरवायची, दुसऱ्याने घण घालायचा. मग ट्रॅक्टरवरचा कॉम्प्रेसर आला, डबर वर काढायला यारी आली, आणि कामाला वेग आला. पण भोक कुठे मारायचे, किती तिरपे मारायचे, किती भरायचे, हे कॉम्प्रेसरला अजून समजत नाही. ते माणसालाच समजावे लागते.

ज्वारीच्या पेंढ्यांची गच्च रचलेली गंजी डोळ्यांसमोर आणा. मधली एक पेंढी ओढून पाहा. निघत नाही. पण ती एकदा निघाली की शेजारच्या सुटायला लागतात. विहिरीतला दगड तसाच. उघड्या खाणीत दगडाला पुढची एक बाजू मोकळी असते, फुटलेला दगड तिकडे पळतो. विहिरीत चारी अंगांनी दगडच. मोकळी बाजू एकच, वरची. म्हणून आधी मधली भोके तिरपी मारून गाभा काढायचा, मग कडेची घ्यायची. कडेची भोके जास्त भरली तर दगड निघतो, पण विहिरीची बाजू खिळखिळी होते आणि दोन पावसाळ्यांनी दरड आत येते. कमी भरली तर बार नुसताच आवाज करून जातो आणि तुमचे भाडे वाया. याला आपण अडाणी माणसाचे काम म्हणतो! ठासणी लाकडाच्या काठीनेच करायची, लोखंडाने नाही. मागच्या बाराच्या उरलेल्या बुडात नवे भोक कधी मारायचे नाही, तिथे न फुटलेला माल बसलेला असू शकतो. वातीला टोपी चिमट्याने आवळायची. ती दाताने आवळणारे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहेत.

आणि धूर. बार झाल्यावर विहिरीत जो राहतो तो नुसता धूर नसतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि नायट्रोजनचे विषारी वायू असतात. खाणीत हवा खेळवायला मोठे पंखे असतात. आपल्याकडे निंबाची फांदी दोराला बांधून वरखाली करायची, चार बादल्या पाणी शिंपडायचे आणि माणूस खाली सोडायचा. २००४ पर्यंत नायट्रोग्लिसरीनचे जिलेटिन यायचे. ते हाताळून डोके ठणकायचे. कपाळाला फडके आवळून विहिरीच्या काठावर बसलेले सुरुंगवाले जुन्या लोकांना आठवत असतील. १ एप्रिल २००४ पासून सरकारने तो माल बंद केला आणि इमल्शनच्या, स्लरीच्या कांड्या आल्या. गावात त्यांनाही जिलेटिनच म्हणतात. त्यातला मुख्य माल अमोनियम नायट्रेट, म्हणजे आपल्या खताच्या पोत्यातल्या मालाचाच भाऊबंद.

आता माझ्या विहिरीची गोष्ट सांगतो. ती मी आजवर कोणत्याही बैठकीत सांगितलेली नाही.

१९९६ चा मे महिना. दारव्हा तालुक्यात माझे वावर. कापसाचे चुकारे हाती आले होते, ते सगळे मी विहिरीत घातले. तीस फुटांवर पाषाण लागला. कॉम्प्रेसरवाला ठेकेदार बाहेरगावचा. ट्रॅक्टर त्याचा, माल त्याचा. सुरुंगवाला त्याच्याकडे मजुरीने होता. चाळिशीचा, कमी बोलणारा माणूस. दुपारी अकरा भोके भरली. वाती पेटवून तो वर आला, आम्ही सगळे धुऱ्यावरच्या निंबामागे गेलो. बार सुरू झाले. सुरुंगवाला बोटांवर मोजत होता. सगळे शांत झाल्यावर तो म्हणाला, “भाऊ, मले दहाच आयकू आले. एक रायला हाय. सकाळी पाहू.”

मी म्हणालो, “दोन संगंच फुटले असतील. अकरा झाले.”

मी खरेच अकरा मोजले होते का? नाही. मी मोजतच नव्हतो. मी हिशेब करत होतो. ट्रॅक्टर दुसऱ्या दिवशी सकाळी दिग्रसकडे जाणार होता. त्या संध्याकाळी दुसरा फेरा मारून झाला नाही, तर पुढचे आठ दिवस काम बंद, आणि मृग तोंडावर. ठेकेदारानेही माझीच री ओढली. सुरुंगवाल्याने आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिले. एक विडी ओढून झाल्यावर तो खाली उतरला. सुटे दगड पहारेने ढिले करत असताना अकरावा बार फुटला. त्याच्यामागून निघालेला दुसरा मजूर अजून शिडीवरच होता म्हणून वाचला.

खाणीच्या नियमात स्पष्ट लिहिलेले आहे की वातीचा सुरुंग फुटला नाही अशी शंका असेल तर निदान अर्धा तास कोणीही जवळ जायचे नाही, आणि न फुटलेला बार सापडून निकामी झाल्याशिवाय दुसरे काम सुरू करायचे नाही. हा नियम मला तेव्हा ठाऊक नव्हता. त्याला ठाऊक होता. कुठल्या पुस्तकातून नव्हे, पण ठाऊक होता. तो अर्ध्या तासावर थांबला नव्हता, सकाळपर्यंत थांबू म्हणाला होता. आम्ही त्याला पंधरा मिनिटेही दिली नाहीत.

तो जगला. उजवा हात मनगटापासून गेला आणि दोन्ही डोळे गेले.

खरी गोष्ट पुढेच आहे. दवाखान्यातून वर्दी गेली, पोलीस आले. स्फोटके कोणाची? ठेकेदार तोवर ट्रॅक्टर घेऊन पसार झाला होता. जाताना घरच्यांच्या हातात पाच हजार रुपये ठेवून आणि तोंड बंद ठेवायला सांगून गेला. विहिरीच्या काठावर उरलेल्या कांड्या आणि वातीचे भेंडोळे सुरुंगवाल्याच्या पिशवीत सापडले. गुन्हा त्याच्यावरच दाखल झाला. ज्याचा हात गेला तोच आरोपी. पंचनाम्यावर दोन पंचांच्या सह्या आहेत, त्यातली एक माझी. माल ठेकेदाराचा होता हे मला माहीत होते. पण तसे बोललो असतो तर विनापरवाना माल माझ्या वावरात मीच आणवला, असा प्रश्न माझ्यावर आला असता. मी सही केली.

सात वर्षे तारखा पडल्या. आंधळ्या माणसाला त्याची बायको हाताला धरून कोर्टात आणायची. माझी साक्ष झाली तेव्हा मी एवढेच म्हणालो की माल कोणाचा ते मला ठाऊक नाही. शेवटी पुराव्याअभावी तो सुटला. भरपाई? १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या परिशिष्टातच लिहिलेले होते की ज्या खोदकामात स्फोटके वापरली, किंवा ज्याची खोली बारा फुटांच्या वर आहे, तिथला मजूर भरपाईला पात्र. म्हणजे विहिरीच्या सुरुंगवाल्याला हा कायदा तंतोतंत बसत होता. (तो कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत घातला आहे.) पण ज्याच्यावर स्फोटकांचा गुन्हा आहे तो भरपाई मागायला कोणत्या तोंडाने जाणार? माझ्या विहिरीला बेचाळीस फुटांवर पाणी लागले. त्याच विहिरीवर आजही माझा गहू-हरभरा होतो.

आता कायद्याकडे येऊ. स्फोटकांचा मूळ कायदा १८८४ चा. त्याच्या जोडीला १९०८ चा दुसरा कायदा. मुझफ्फरपूरला बॉम्ब पडला आणि गोऱ्या सरकारने घाईघाईने तो केला. लोकमान्यांनी ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख लिहिला तो त्याच जून महिन्यात, ९ तारखेला. त्या लेखांपायीच त्यांना मंडालेची सहा वर्षे झाली. गोरे गेले, कायदा राहिला. त्याचे पाचवे कलम असे आहे की संशयास्पद स्थितीत तुमच्याजवळ स्फोटके सापडली, तर ती कायदेशीर कामासाठी होती हे तुम्ही दाखवायचे. चोराला पकडले तर चोरी सरकारने सिद्ध करायची असते. विहीर खोदणाऱ्याला पकडले तर विहीर त्याने सिद्ध करायची!

आणि कायदेशीर वाट कशी आहे? स्फोटके बाळगायला आणि वापरायला परवाना. साठ्याला ठरावीक बांधणीची, वस्तीपासून ठरावीक अंतरावरची कोठी. त्या जागेला जिल्हाधिकाऱ्याचा ना-हरकत दाखला. मालाची ने-आण परवान्याच्या गाडीतून. सुरुंग उडवणाऱ्याचा स्वतःचा वेगळा परवाना. हे सगळे २००८ च्या स्फोटक नियमांत आहे. यातली एकही अट मूर्खपणाची आहे असे मी म्हणणार नाही. कोळशाच्या खाणीला, धरणाला, मोठ्या रस्त्याच्या ठेकेदाराला या अटी पाळता येतात, त्याच्याकडे त्यासाठी बाबू ठेवलेले असतात. पण ज्याच्याजवळ एक जुना ट्रॅक्टर आणि एक कॉम्प्रेसर आहे, उन्हाळ्याच्या चार महिन्यांत ज्याला पाच-पन्नास विहिरी करायच्या आहेत, त्याने कोठी कुठे बांधायची? तो काय करतो हे आपल्याला सगळ्यांना माहीत आहे. तो माल मागच्या दाराने आणतो आणि कडब्याच्या खाली लपवून ठेवतो. आणि एकदा माल चोरीचा झाला, की माणूस चोर होतो. चोराला विमा नसतो. चोर अपघाताची वर्दी देत नाही. चोराला ‘थांब, सकाळी पाहू’ असे म्हणायची हिंमत नसते.

यातली गंमत अशी की देशभरच्या स्फोटकांचे परवाने ज्या खात्याच्या हाती आहेत, त्या पेट्रोलियम आणि स्फोटके सुरक्षा संघटनेचे मुख्यालय दिल्लीत नाही, मुंबईत नाही. ते आपल्या नागपुरात आहे. बाजारगाव-धामण्याकडे स्फोटकांचे मोठमोठे कारखाने उभे आहेत, आणि तिथे कांड्या भरायला आपल्याच पोरीबाळी जातात. १७ डिसेंबर २०२३ ला बाजारगावजवळच्या कारखान्यात स्फोट होऊन नऊ जण गेले, त्यांतल्या सहा बाया. १३ जून २०२४ ला धामण्याला पुन्हा तेच. माल विदर्भात तयार होतो, परवाना विदर्भात मिळतो, दगड विदर्भात फुटतो. तरी विदर्भातला सुरुंगवाला चोरून काम करतो.

यावर एक उत्तर ठरलेले आहे, आणि ते खोटे नाही. सरकार म्हणेल, गडचिरोली पाहा. १ मे २०१९ ला कुरखेड्याच्या जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर मारला. ती शेतकऱ्यांचीच पोरे होती. स्फोटके मोकाट सोडा असे कोण शहाणा म्हणेल? मी तर उलटे म्हणतो. आज विहिरींसाठी जो माल मागच्या दाराने जातो त्याची नोंद कुठेच नाही. किती कांड्या आल्या, किती फुटल्या, किती उरल्या, त्या कोणाच्या घरात आहेत, कोणालाच माहीत नाही. सुरुंगवाल्याला पुढच्या दाराने येऊ दिले तर प्रत्येक कांडीचा हिशेब लागेल. बंदीने माल थांबलेला नाही, फक्त वही बंद झाली आहे.

नवीन गोष्टही नीट समजून घ्या. सरकारने १ एप्रिल २०२५ पासून विजेवर उडणाऱ्या साध्या डिटोनेटरवर बंदी आणली. बंदीमागे कारण आहे. विहिरी आपण खोदतो मे-जूनमध्ये, आणि वळवाच्या विजा कडाडतात त्याही तेव्हाच. भरलेल्या भोकांतल्या वायरींना दूरच्या विजेनेही धक्का बसू शकतो आणि बटण न दाबता बार उडू शकतो. हे शास्त्र आहे. पण त्याच्या जागी जे डिटोनेटर आले ते महाग, आणि ते हाताळायचे शिक्षण वेगळे. खाणवाल्यांना ते शिकवले जाते. कॉम्प्रेसरवरच्या पोराला कोण शिकवणार? तो जुन्या मालाचा उरलेला साठा शोधत फिरेल, नाहीतर वातीकडे परत जाईल. बंदीचा कागद काढला की काम झाले, असे समजणाऱ्यांना विहिरीत उतरायचे नसते.

दोन सुरुंगवाल्यांत फरक काय, तो आमच्याच जिल्ह्यात पाहायला मिळतो. पश्चिमेला आमचा विहिरींचा पाषाण, पूर्वेला वणीच्या कोळसा खाणी. तिथे जमिनीच्या बदल्यात नोकरीला लागलेली कास्तकारांची पोरे आहेत, काहींनी परीक्षा देऊन सुरुंग उडवायचे प्रमाणपत्र मिळवले आहे. बुद्धी तीच, घर तेच, पऱ्हाटी वेचलेले हातही तेच. पण तिथे भोंगा वाजल्याशिवाय बार होत नाही. किती भोके, किती माल, किती फुटले हे वहीत लिहावे लागते. एकही भोक राहिल्याची शंका असेल तर साहेब कितीही ओरडला, तरी प्रमाणपत्रवाला माणूस ‘नाही’ म्हणू शकतो, कारण उद्या काही झाले तर त्याचे प्रमाणपत्र जाईल. तो कागद म्हणजे नुसता कागद नाही. ‘नाही’ म्हणण्याची ताकद आहे. माझ्या विहिरीवरच्या माणसाजवळ ज्ञान होते, तो कागद नव्हता.

खाणीकाठच्या गावांसाठी याच ओघात एक कामाची गोष्ट. वणी, राजुरा, घुग्घुसकडचे भाऊ बैठकीत नेहमी सांगतात की खाणीच्या सुरुंगाने भिंतींना तडे गेले, आणि खाणवाले म्हणतात घर आधीच जुने होते. हा वाद तोंडाने सुटत नाही. खाण सुरक्षा महासंचालनालयाचे १९९७ चे परिपत्रक क्रमांक ७ आहे. खाणीच्या मालकीची नसलेली घरे, मग ती कच्ची असोत की विटा-सिमेंटची, त्यांच्यापाशी जमीन किती वेगाने हलू द्यायची याची हद्द त्यात घातली आहे. हादऱ्याची कंपने सेकंदाला आठपेक्षा कमी असतील तर ५ मिलिमीटर प्रतिसेकंद, आठ ते पंचवीस असतील तर १०, त्याच्यावर असतील तर १५. मंद हादरा घराला जास्त मारतो म्हणून त्याची हद्द कडक. हे मोजायचे यंत्र असते. यापुढे तड्यांचा अर्ज देताना ‘घर हलते’ एवढेच लिहू नका. अमुक तारखेच्या, अमुक वेळेच्या बाराचा आकडा आमच्या घरापाशी किती आला तो द्या, असे लिहा. आणि एक लक्षात ठेवा. सगळी भोके एकदम न उडवता क्षणाक्षणाच्या अंतराने उडवली की हादरा कमी होतो, ही ब्लास्टरच्या हातातली गोष्ट आहे. पण अंतर ठेवायचे म्हणजे वेगवेगळ्या वेळेचे डिटोनेटर आणायचे, आणि तो खर्च करायचा की नाही हे ठरवणारा वेगळा असतो. म्हणून तडा गेला की ब्लास्टरच्या अंगावर धावून जाऊ नका. तो बहुतेक वेळा तुमच्याच गावचा असतो.

पुढच्या जिल्हा बैठकीत काय ठरवावे याबद्दल माझे मत मांडतो. पटले नाही तर खोडा.

सुरुंगवाल्याचा परवाना आपल्या माणसाला मिळेल असा असावा. परीक्षा मराठीत, तालुक्याच्या गावी, उन्हाळा लागायच्या आधी, आणि तोंडचे पाठांतर न पाहता हातचे काम पाहून. कोठी प्रत्येकाला बांधता येणार नाही. तालुक्याला एक परवानाधारक कोठी आणि परवान्याची एक गाडी असावी. तिने सकाळी वावरात मोजून माल द्यावा आणि संध्याकाळी उरलेला मोजून परत न्यावा. रोजगार हमीतून सिंचन विहिरीचे अनुदान २०२२ मध्ये चार लाखांवर नेले. अंदाजपत्रकात कठीण खडकाचा दर वेगळा लावतात. पण तो खडक फोडणाऱ्या माणसाच्या विम्याचा एक रुपया त्यात दिसतो का? अनुदान सरकारी, विहीर सरकारी नोंदीतली, आणि तिच्यातला सुरुंग तेवढा चोरीचा, हे सरकारला दिसत नाही असे मी मानत नाही. दिसते. सोयीचे आहे म्हणून चालते.

पण सगळे सरकारवर ढकलून आपण मोकळे होणार असू, तर हा लेख मी लिहिलाच नसता. माझ्या विहिरीत त्या दिवशी सरकार उभे नव्हते. मी उभा होतो. आपल्याला भाव देताना व्यापारी घाई करतो, मापाला काटा मारतो, तेव्हा आपण सभा घेतो. आणि आपल्याच वावरात आपण भाड्याच्या तासासाठी माणसाच्या जिवाला काटा मारतो. म्हणून दोन गोष्टी आपल्या आपण ठराव करून पाळता येतील, त्यांना कोणाच्या सहीची गरज नाही. बार मोजायचे काम सुरुंगवाल्याचे, आणि त्याचा आकडा शेवटचा. वावराच्या मालकाने त्यात तोंड घालायचे नाही. आणि शंकेपायी काम थांबले, तर त्या थांबलेल्या वेळेची मजुरी सुरुंगवाल्याला आणि भाडे ट्रॅक्टरला मालकाने द्यायचे. एका दिवसाचे भाडे द्यायला जड जाते, मला माहीत आहे. त्या वर्षी मलाही जड वाटले होते.

तो माणूस २००५ मध्ये वारला. त्याचा मुलगा आता कॉम्प्रेसरच्या ट्रॅक्टरवर आहे. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या वावरात त्याने बार घेतले. मी धुऱ्यावर जाऊन बसलो होतो. नऊ भोके भरली होती, मीही मोजत होतो. नऊ झाले. तरी तो बराच वेळ खाली उतरला नाही, कोणाला उतरूही दिले नाही, आणि शेजाऱ्यानेही त्याला घाई केली नाही. नंतर चहा पिताना मी त्याला विचारले, परवाना काढलास का. तो हसला. म्हणाला, “काका, कोण देते मले?” त्याला या बैठकीला बोलावले आहे. येतो म्हणाला. पण अंकात नाव छापू नका, म्हणाला.